आतड्याच्या तपासणीत कळ येऊ नये म्हणून दिले जाणारे इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतड्याचा सीटी, एमआरआय किंवा बेरियम एनिमा (गुदमार्गातून बेरियमचा पांढरा द्रव भरून काढलेला एक्स-रे) लिहून दिला की पेशंट आणि घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘दुखेल का?’ बहुतेक वेळा ‘थोडं होईल, सहन करा’ एवढेच उत्तर मिळते. एवढ्यावर पेशंटला टेबलावर झोपवणे बरोबर नाही. दुखणे कमी करायला साधे, स्वस्त आणि पटकन उतरणारे औषध उपलब्ध आहे. मात्र ते कशावर चालते, कशावर नाही आणि कोणाला देऊ नये, हे तपासणीआधी कळायला हवे. खाली दिलेल्या मात्रा प्रौढांसाठीच्या नेहमीच्या आहेत. तुमच्यासाठी किती आणि द्यायचे की नाही, हे तपासणी करणारे रेडिऑलॉजिस्ट ठरवतील.

या तपासणीत पोट नेमके कशाने दुखते?

दोन गोष्टींनी, आणि त्या वेगळ्या ओळखता यायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ताण. रिकामे आतडे चपटे असते, आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. अशा घडीत पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, दडला तर दिसत नाही. म्हणून मोठे आतडे गॅसने आणि लहान आतडे पातळ द्रवाने फुगवावे लागते. आतड्याच्या अस्तराला कापलेले कळत नाही, म्हणून कोलोनोस्कोपीत (आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) पॉलिप काढताना दुखत नाही. ताणलेले मात्र लगेच कळते. पोट गच्च होते, वारा कोंडल्यासारखे वाटते, संडासला जायची घाई होते.

दुसरी गोष्ट म्हणजे पेटका. आतडे ही स्नायूंची नळी आहे. आत काही शिरले की ती आवळते आणि पुढे ढकलते, तेच तिचे काम. गॅस आत येताना मधलाच एखादा भाग आवळला की त्याच्या मागे गॅस कोंडतो, दाब वाढतो आणि कळ येते. ही कळ बहुधा डावीकडे खाली, सिग्मॉइड या वळणदार भागात येते. ती लाटेसारखी चढते आणि उतरते.

इंजेक्शन पेटक्यावर चालते. ताणाचे दुखणे त्याने फारसे जात नाही. ‘इंजेक्शन देऊनही पोट गच्च झालं’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

इंजेक्शन कोणते असते?

भारतात आणि युरोपात बहुतेक ठिकाणी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड वापरतात. बुस्कोपॅन आणि बुस्कोगास्ट ही त्याची ओळखीची नावे. मुतखड्याच्या किंवा पोटाच्या कळा घेऊन कॅज्युअल्टीत गेला असाल, तर ते तुम्हाला आधीही मिळालेले असू शकते.

आतड्याच्या स्नायूला आवळायचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन पोहोचवते. हायोसिन त्याची जागा अडवते, निरोप पोहोचत नाही आणि स्नायू सैल पडतो.

हायोसिनचा उगम वनस्पतींत आहे. आपल्याकडच्या धोतऱ्यातही ते असते. हे ऐकून काही जण घाबरतात, कारण धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो हे गावाकडे सगळ्यांना माहीत असते. पण इंजेक्शनातले हायोसिन तसेच्या तसे नसते. त्याला रासायनिक जोड दिल्यामुळे ते रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही. त्यामुळे या मात्रेत त्याने गुंगी किंवा भ्रम सहसा होत नाही.

किती देतात, कसे देतात आणि कधी?

एका अँप्यूलमध्ये १ मिलिलिटर औषध असते, त्यात २० मिलिग्रॅम हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. प्रौढांना एका वेळी साधारण तेवढेच, शिरेतून, सावकाश देतात. हातात आधी सलाईनची बारीक नळी लावलेली असली की पुन्हा टोचावे लागत नाही. सीटीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक करणारे औषध, द्यायचा असेल तर तोही त्याच नळीतून जातो.

शिरेतून दिलेले औषध मिनिटभरात चालू लागते. आतड्यावरचा उपयोगी परिणाम साधारण १५ ते २० मिनिटे टिकतो. सगळी गंमत या वेळेत आहे. पेशंट टेबलावर आडवा, गुदमार्गात नळी बसलेली, गॅसचे मशीन तयार, आणि मग इंजेक्शन, हा योग्य क्रम. बाहेर बाकावरच इंजेक्शन देऊन पेशंटला नंबर येईपर्यंत बसवले, तर आत जाईपर्यंत औषधाचा अर्धा भर ओसरतो. मग तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, म्हणजे त्रास सगळा भोगायचा आणि आतडे मात्र पुन्हा आवळू लागलेले. असे होताना दिसले तर विचारायला संकोच करू नका.

स्नायूत दिलेले इंजेक्शन चालायला जास्त वेळ घेते. शिर अजिबात सापडत नसेल तरच तो मार्ग.

सीटी कोलोनोग्राफीत क्रम कसा असतो?

ही मोठे आतडे गॅसने फुगवून केलेली सीटी तपासणी. कपडे बदलून तुम्ही डाव्या कुशीवर झोपता. टेक्निशियन किंवा डॉक्टर जेली लावून बोटाएवढीही जाड नसलेली मऊ नळी गुदमार्गात सरकवतात. नळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. इंजेक्शन दिले जाते. मग मशीन कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत सोडते आणि आतला दाब ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, साधारण २५ मिलिमीटर पाऱ्यापलीकडे, जाऊ देत नाही. पोटात कळ आली की आतडे आवळते, दाब वाढतो आणि मशीन आपोआप थांबते. कळ ओसरली की गॅस पुन्हा सुरू होतो. बरेचदा एकूण तीनेक लिटर गॅस जातो. आकडा मोठा वाटतो, पण त्यातला बराचसा वाटेतच शोषला जातो.

एक स्कॅन पाठीवर, दुसरा पोटावर. प्रत्यक्ष स्कॅन १०-१५ सेकंदांचा, तेवढा वेळ श्वास रोखायचा. खोलीतला सगळा वेळ मिळून २०-३० मिनिटे.

इंजेक्शन घेऊनही कळ आलीच तर काय करायचे?

लगेच सांगा. दात-ओठ खाऊन पडून राहण्यात काही शौर्य नाही, उलट नुकसान आहे: पेशंट अंग आवळतो, श्वास धरतो, आणि त्याने पोटातला दाब आणखी वाढतो. गॅस मिनिटभर थांबवता येतो. गुडघे पोटाकडे घेऊन तोंडाने लांब श्वास सोडल्यावर बऱ्याच कळा उतरतात. उजव्या कुशीवर वळवले की गॅस वर, डावीकडच्या आवळलेल्या सिग्मॉइडकडे जातो आणि तो भाग उघडतो. म्हणून ‘कूस बदला’ सांगितले तर कंटाळा करू नका.

ज्यांना डायव्हर्टिक्युलर आजार आहे, म्हणजे आतड्याच्या भिंतीला छोट्या पिशव्या आलेल्या आहेत, त्यांचा सिग्मॉइड मुळातच जाड आणि ताठर झालेला असतो. त्यांना इंजेक्शनचा फायदा सर्वांत जास्त होतो, पण पूर्ण आराम मिळेलच असे नाही.

आणखी एक कारण कमी लोकांना माहीत असते. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक झडप असते. औषधाने ती सैल पडली तर गॅस मागे लहान आतड्यात शिरतो. मग बेंबीभोवती पोटाला तडस लागते आणि गॅस उतरायला जास्त वेळ लागतो. धोका नसतो, पण वाईट वाटते.

कळ अचानक, धारदार आणि न उतरणारी असेल, किंवा दरदरून घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो वेगळा प्रकार. पोट ताणल्यावर काहींची नाडी आणि रक्तदाब एकदम खाली जातो. अशा वेळी गॅस बंद करून आतला सोडून देतात, पाय उंच करतात, गरज पडली तर सलाईन आणि नाडी वाढवणारे ॲट्रोपिन देतात. बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात.

इंजेक्शन दिल्यावर काय काय जाणवते?

तोंडाला कोरड पडते, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी वाटते. नाडी वाढते. एरवी ७५ असलेली १०० च्या वर गेली तर त्यात नवल नाही. जवळचे अंधुक दिसते. हातातल्या फॉर्मवरची अक्षरे पुसट होतात, पण समोरच्या भिंतीवरचे घड्याळ वाचता येते. चेहरा गरम वाटतो. हे सगळे बहुतेकांचे अर्ध्या-पाऊण तासात ओसरते.

अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे ही ॲलर्जीची लक्षणे. ती क्वचितच दिसतात, पण दिसली तर त्याच क्षणी ओरडून सांगावे. ॲड्रेनालिनसह आणीबाणीची औषधे खोलीत हाताशी असल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये.

‘डोळ्याचा आजार आहे का’ असे का विचारतात? माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे.

मोतीबिंदूचा इथे संबंध नाही. प्रश्न काचबिंदूचा आहे. ही दोन नावे इतकी जवळची आहेत की फॉर्म भरताना गल्लत होते. मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणे, काचबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतला दाब वाढून नस खराब होणे.

काचबिंदूचेही प्रकार आहेत. उघड्या कोनाचा काचबिंदू असून रोज थेंब घालणाऱ्याला हे इंजेक्शन बहुतेक वेळा देता येते. धोका बंद किंवा अरुंद कोनाच्या काचबिंदूत, तोही उपचार न झालेल्या. औषधाने बाहुली मोठी होते, आधीच अरुंद असलेला कोन बंद होतो आणि डोळ्यातले पाणी अडून दाब झपाट्याने चढतो.

गोची अशी की ज्याला आपला कोन अरुंद आहे हे माहीत आहे, त्याच्यावर बहुधा लेझरने उपचार झालेले असतात. खरा धोका ज्याला काहीच माहीत नाही त्याला. म्हणून ‘काचबिंदू नाही’ असे लिहून देणाऱ्यालाही सांगून ठेवायला हवे: पुढच्या २४ तासांत डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, नजर अंधुक होत गेली, डोके दुखून उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते.

वडिलांना हृदयविकार आहे. त्यांना चालेल का?

कोणता विकार आणि तो सध्या किती आटोक्यात आहे, यावर ते ठरते. औषधाने नाडी वाढते आणि अशक्त हृदयाला तो ताण झेपेलच असे नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली या इंजेक्शनबद्दल हृदयरोग्यांसाठी खास इशारा दिला होता: हृदयविकार असलेल्यांना ते जपून द्यावे, त्यांच्यावर लक्ष ठेवावे, आणि आणीबाणीची साधने व ती वापरू शकणारी माणसे तिथे असावीत.

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, थोड्या श्रमानेही छातीत दुखत असेल, हार्ट फेल्युअर असेल किंवा नाडी आधीच वेगाने, अनियमित चालत असेल, तर इंजेक्शन टाळणेच बरे. वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेला आणि रोज दोन-तीन किलोमीटर चालणारा माणूस ही वेगळी गोष्ट. तेव्हा ‘हार्टचा त्रास आहे’ एवढ्यावर थांबू नका. कार्डिओलॉजिस्टचा शेवटचा कागद, टूडी इकोचा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी बरोबर आणा.

आणखी कोणाला देत नाहीत?

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार असणाऱ्यांना, आतड्यात अडथळा किंवा आतडे लुळे पडलेले असल्यास, मोठे आतडे विकृत फुगलेले असल्यास, आणि या औषधाची ॲलर्जी असल्यास.

प्रोस्टेटच्या त्रासाबद्दल थोडे सविस्तर. औषध मूत्राशयाचा स्नायूही सैल करते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी आधीच थेंबथेंब होत असेल तर ती पूर्ण अडू शकते. लघवीची धार ठीक असेल तर सहसा अडचण येत नाही. तपासणीआधी लघवी करून घ्या, आणि नंतर सहा तासांत लघवी झाली नाही व ओटीपोट फुगून दुखू लागले तर दवाखाना गाठा.

नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीसाठी ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, लघवीच्या घाईसाठी गोळ्या, या सगळ्या औषधांनीही तोंड कोरडे पडते आणि लघवी अडते. त्यांत याची भर पडते. चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा.

हायोसिन चालत नसेल तर पर्याय काय?

ग्लुकागॉन. हे मुळात आपल्याच स्वादुपिंडात तयार होणारे, रक्तातली साखर वाढवणारे हार्मोन आहे. मोठ्या मात्रेत ते आतड्याची हालचाल थांबवते. अमेरिकेत हायोसिन ब्युटिलब्रोमाइड बाजारात नाही, त्यामुळे तिथे एक्स-रे तपासणीसाठी ग्लुकागॉन वापरतात, आणि सीटी कोलोनोग्राफी बऱ्याचदा कुठल्याच इंजेक्शनशिवाय करतात. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना ‘इथे ते इंजेक्शन का देत नाहीत’ असा प्रश्न पडतो, त्याचे कारण हे.

ग्लुकागॉन पावडरच्या रूपात येते, १ मिलिग्रॅमची कुपी. सोबतच्या द्रवात विरघळवून लगेच वापरायचे, उरलेले टाकून द्यायचे. मोठ्या आतड्यासाठी शिरेतून ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅम पुरते. भराभर ढकलले तर मळमळ आणि उलटी होते, म्हणून मिनिटभर घेऊन सावकाश द्यावे. काचबिंदू आणि प्रोस्टेट असणाऱ्यांना ते चालते. मात्र फिओक्रोमोसायटोमा या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीत आणि इन्सुलिन किंवा ग्लुकागॉन बनवणाऱ्या गाठींत ते देत नाहीत. हृदयरोग्यांतही जपून, कारण नाडी आणि रक्तदाब त्यानेही थोडा वेळ वाढतात.

तोटे दोन: किंमत हायोसिनच्या कितीतरी पट, आणि मोठ्या आतड्यावर परिणाम त्यामानाने कमी भरवशाचा.

मला मधुमेह आहे. काय सांभाळू?

हायोसिनने साखरेवर परिणाम होत नाही. ग्लुकागॉनने ती आधी चढते आणि उपाशीपोटी असल्यास नंतर उतरू शकते, म्हणून तपासणी झाल्याबरोबर काहीतरी खायचे.

पण मधुमेहींची खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. पोट साफ करायचे औषध घेताना खाणे जवळजवळ बंद असते, आणि सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिनचा नेहमीचा डोस घेतला जातो. मग पहाटे साखर घसरते. डोस किती कमी करायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून दोन दिवस आधी लिहून घ्या, आणि सकाळचा पहिला नंबर मागा. नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, वरणावरचे निवळ पाणी, कोरा चहा हे चालते. हात थरथरू लागले तर साखरपाणी प्यायला घाबरू नका. तपासणी त्याने बिघडत नाही.

शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल आणि किडनी कमकुवत असेल, तर मेटफॉर्मिनबद्दल वेगळे विचारा.

इंजेक्शनऐवजी घरूनच पोटदुखीची गोळी घेऊन आलो तर?

उपयोग नाही. हायोसिनची गोळी पोटातून रक्तात फारच थोडी शोषली जाते, त्यामुळे ती घेऊन आतडे ठरल्या वेळी सैल पडेल याची खात्री नाही. सायक्लोपाम किंवा मेफ्टाल-स्पासमध्ये डायसायक्लोमीन असते, ड्रोटिनमध्ये ड्रोटाव्हेरिन. हीही पेटक्यांवरचीच औषधे, पण तपासणीच्या वेळेशी त्यांचा मेळ बसत नाही. शिवाय डायसायक्लोमीन घेऊन आलेल्याला वर हायोसिन दिले तर कोरड, धडधड आणि लघवी अडणे दुप्पट. घेतलीच असेल तर किती वाजता घेतली ते सांगा.

पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, मात्र पेटका त्याने थांबत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मात्र टाळा. जुलाबांनी अंगातले पाणी कमी झालेले, पोट उपाशी, वर कॉन्ट्रास्ट. किडनीवर सगळा भार एकाच दिवशी येतो.

सरळ झोपेचे इंजेक्शन का देत नाहीत? शेजाऱ्यांना कोलोनोस्कोपीत दिले होते.

कोलोनोस्कोपीत लांब दुर्बीण वळणावळणाने पूर्ण आतड्यातून न्यायची असते, म्हणून तिथे मिडाझोलाम, फेंटानिल किंवा भूलतज्ज्ञांच्या देखरेखीत प्रोपोफॉल देतात. सीटी कोलोनोग्राफीत नळी काही सेंटिमीटरच आत असते. तुम्हाला पालथे व्हायचे असते, श्वास रोखायचा असतो, आणि मुख्य म्हणजे कुठे व कसे दुखते ते सांगायचे असते. आतड्याला इजा होत असेल तर पहिली खबर तुमच्या तोंडूनच मिळते. गुंगी दिली की ती खबर बंद.

याचा फायदाही आहे. गुंगी दिली तर २४ तास गाडी चालवता येत नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये, सोबत माणूस लागतो. हायोसिनवर यातले काही नाही. नजर स्वच्छ झाली की, म्हणजे मोबाइलवरचा मेसेज नेहमीसारखा वाचता येऊ लागला की, गाडी चालवता येते. साधारण तासभर धरून चाला.

मूळव्याध आहे, फिशर आहे. नळी घालतानाच जीव जाईल.

हे आधी सांगा, टेबलावर चढल्यावर नाही. २ टक्के लिग्नोकेन जेली लावून तीन ते पाच मिनिटे थांबले तर जागा बधिर होते. लावली आणि लगेच नळी घातली तर ती फक्त घसरण म्हणून उपयोगी पडते. घाईच्या सेंटरवर नेमकी हीच मिनिटे वाचवली जातात. नळी आत जाताना संडासला जोर लावतो तसा हलका जोर लावा, गुदद्वार सैल पडते. ताजी, रक्त येणारी फिशर असेल आणि तपासणी तातडीची नसेल, तर ती बरी होईपर्यंत पुढे ढकलणे शहाणपणाचे.

एमआर एंटेरोग्राफीत वेगळे काय?

ही लहान आतड्याची तपासणी, बहुधा क्रोन्स या आतड्याला सूज येणाऱ्या आजारासाठी. इथे नळी नसते. मॅनिटॉल किंवा तत्सम घटक घातलेले दीड लिटरच्या आसपास पाणी ४५ ते ६० मिनिटांत प्यायचे असते. ते आतड्यात शोषले जात नाही, म्हणून आतडे भरलेले राहते, आणि म्हणूनच नंतर जुलाब होतात. घोट घोट, ठरल्या गतीने प्यावे. शेवटी एकदम ढोसले तर पोटाला तडस लागते आणि वरचे आतडे भरते, खालचे रिकामे राहते. स्कॅन झाल्यावर संडास जवळ असेल असे बघा, लांबच्या एसटीचे तिकीट त्याच दुपारचे काढू नका.

इथे इंजेक्शनचा मुख्य हेतू चित्र स्थिर ठेवणे हा आहे. एमआरआयला चित्र टिपायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आतडे हलले तर भिंतीची कड पुसट होते. तपासणी अर्ध्या तासाहून लांबते आणि औषध १५-२० मिनिटांत ओसरते. म्हणून बऱ्याच ठिकाणी मात्रा दोन भागांत देतात, दुसरा भाग कॉन्ट्रास्टच्या चित्रांआधी. मध्येच मशीनबाहेर काढून पुन्हा औषध दिले तर घाबरू नका, काही बिघडलेले नसते. आतड्याची हालचालच मोजायची असेल तर ती चित्रे औषध देण्याआधी काढून घेतात.

इंजेक्शन न घेता तपासणी होतच नाही का?

होते. कोणालाही ते सक्तीचे नाही. आतडे थोडे कमी फुगते, एखादा भाग पुन्हा स्कॅन करावा लागतो. अशा वेळी गॅस कोणता वापरतात हे महत्त्वाचे. काही ठिकाणी अजून हाताच्या पंपाने साधी हवा भरतात. तिच्यातला नायट्रोजन शोषला जात नाही, त्यामुळे पोट संध्याकाळपर्यंत फुगलेले राहते. कार्बन डायऑक्साइड आतड्यातून रक्तात आणि रक्तातून श्वासावाटे बाहेर जातो. अर्ध्या तासात पोट बरेच हलके होते. नंबर घेताना फोनवर ‘गॅस कार्बन डायऑक्साइड वापरता का?’ एवढे विचाराच. तपासणीनंतरच्या आरामात इंजेक्शनपेक्षा या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

बेरियम एनिमात पुदिन्याचे तेल मिसळूनही पेटके कमी करता येतात. पण म्हणून घरून पुदिनहरा पिऊन येण्यात अर्थ नाही. तेल आतड्याच्या त्या भागापर्यंत थेट पोहोचावे लागते.

रिपोर्टवर या औषधाचा परिणाम होतो का?

चांगला होतो. आवळलेला सिग्मॉइड स्कॅनवर नाडीने करकचून बांधलेल्या पिशवीच्या तोंडासारखा दिसतो, आणि कॅन्सरने अरुंद झालेला भागही कधीकधी तसाच दिसतो. फरक असा की पेटका सुटतो, गाठ सुटत नाही. पाठीवरच्या स्कॅनमध्ये बंद दिसलेला भाग औषध दिल्यावर आणि पालथे झाल्यावर उघडला, तर एक कोलोनोस्कोपी वाचते.

काही तपासण्यांत हे मुद्दाम देत नाहीत, ते का?

कारण तिथे आतड्याची हालचाल हीच माहिती असते. नवजात बाळात हर्शस्प्रुंग आजार (आतड्याच्या काही भागात नसांच्या पेशी नसण्याचा जन्मजात दोष) शोधताना आतड्याचा कोणता भाग आवळलेला आणि कोणता फुगलेला हे पाहायचे असते. औषधाने तो फरक पुसला जाईल. शौचाच्या क्रियेची तपासणी, म्हणजे डेफिकोग्राफी, तिथेही नाही. बेरियम पिऊन लहान आतड्याचे एक्स-रे काढतात तेव्हा तर उलट, बेरियम लवकर पुढे सरकावे म्हणून मेटोक्लोप्रमाइड दिले जाते.

घरी गेल्यावर काय सामान्य, काय नाही?

वारा सरणे, पोटात गुरगुर, एक-दोन पातळ संडास, बेरियम दिले असेल तर काही दिवस पांढरट शौच, हे सामान्य. बेरियमनंतर पाणी भरपूर प्या, नाहीतर ते आत सुकून बद्धकोष्ठ होते. जेवण लगेच सुरू करा. पहिल्यांदा मऊ भात, वरण किंवा ताक असे हलके घेतले तर पोटाला बरे.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, पोट फळीसारखे कडक झाले, ताप आला, खांद्यात दुखू लागले किंवा संडासवाटे रक्त पडले, तर आतड्याला छिद्र पडल्याची शंका घ्यावी लागते. हे फार विरळा घडते, पण घडले तर तासांना किंमत असते. कॅज्युअल्टीत गेल्यावर ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगू नका. आतड्यात गॅस भरून सीटी झाला, किती वाजता झाला, आणि शिरेतून हायोसिनचे इंजेक्शन दिले होते, ही तीन वाक्ये सांगा. डोळा ठणकत असेल किंवा लघवी अडली असेल तरीही हेच सांगा. निघताना सेंटरवरून औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ एका चिठ्ठीवर लिहून घेतलेली असली की रात्री दोन वाजता आठवत बसावे लागत नाही.